टायगरचा कच्चा शिधा

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी राहुरीच्या बाजारात मला अजून कुणी ना कुणी 'डॉक्टर' म्हणून हाक मारतं. मी डॉक्टर नव्हतो. पशुधन पर्यवेक्षक होतो. डॉक्टरांकडे पदवी असते, आमच्याकडे प्रमाणपत्र. जनावरांना लसी टोचायच्या, जखमा धुऊन पट्ट्या बांधायच्या, गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करायचं, आणि डॉक्टर दौऱ्यावर असले की दारात जे येईल ते निभावून न्यायचं, असं आमचं काम. या शेवटच्या कामातच माझी निम्मी नोकरी गेली. त्याबद्दल तक्रार नाही. माझा हात चांगला होता, हे मी आता कुणाला न विचारता सांगू शकतो.

आमच्या दवाखान्याला सगळे 'ढोरांचा दवाखाना' म्हणत. अंगणात लोखंडी खोडा होता. त्यात जनावर अडकवायचं आणि मग त्याला हात लावायचा. गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एकदा एक शेतकरी धडधाकट बैल घेऊन आला आणि म्हणाला, "ह्याच्या सोभावाचा दाखला द्या. मारका न्हाई असं लिवा. घेणारा मागतोय." मी हसत कागद पुढे ओढला, तेवढ्यात बैलानं माझ्या सायकलचं मागचं चाक शिंगानं वाकवलं. शेतकरी चाकाकडे बघून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मग."

कुत्री आमच्याकडे क्वचित येत. येत ती कुणाला तरी चावलेली किंवा कुणीतरी चावलेली. कुत्रं काय खातं याचा विचार करायला तिथे कुणाला सवड नव्हती, मलाही नव्हती. म्हणूनच नव्वदच्या दशकात एका कुत्र्याला कच्चं मांस खायला शिकवण्यात माझा सव्वा महिना गेला, हे सांगितलं की माझ्या खात्यातले जुने सहकारी अजून हसतात.

कुत्र्याचं नाव टायगर. मालकीण साळवे बाई. बाई निवृत्त मुख्याध्यापिका, ख्रिस्ती, कालव्याच्या कडेला दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहायच्या. यजमान वारलेले, मुलगी लग्न होऊन पुण्याला. तिनंच आईला सोबत म्हणून हे अल्सेशियनचं पिल्लू आणून दिलं होतं. बाईंनी त्याला शाळेतल्या पोरासारखी शिस्त लावली होती. ताटली पुढे ठेवून त्या हात जोडून देवाचे आभार मानायच्या आणि 'आमेन' म्हटल्याशिवाय टायगर तोंड खाली करायचा नाही. मी स्वतः पाहिलंय. लाळ गळायची, पण मान ताठ.

अडचण होती ती ताटलीत काय असायचं याची. सकाळी दूध-बिस्किट, दुपारी दूध-चपाती, संध्याकाळी दूध-पाव. पाच वर्षं असंच चाललेलं. माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या पाठीवरचे केस गेलेले, कातडी लाल, कानांना वास, आणि जुलाब तर थांबायचं नावच नाही. बरगड्या मोजून घ्याव्यात असा दिसायचा. आमच्या डॉक्टर निकमांनी सहा महिने औषधं दिली. औषध चालू असेतो बरा, थांबलं की पुन्हा तेच. मग डॉक्टरांनी दूध-गहू बंद करून मटण-भात द्यायला सांगितलं. बाईंनी प्रेमानं मसाला घालून रस्सा केला आणि टायगर दोन दिवसांत अर्धा झाला. नंतर महिनाभर नुसतं उकडलेलं दिलं. कातडी जराशी निवली, पण पोट काही जाग्यावर येईना. वजन उतरतच राहिलं.

एक दिवस बाई एकट्याच दवाखान्यात आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत.

"गायकवाड, खरं सांगा. याला सुई देऊन मोकळं करणं बरं का?"

मी म्हटलं, "मला थोडे दिवस द्या."

माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती. बाजारामागे मेहबूबभाई खाटकाचं दुकान होतं. त्याच्या दारात तीन-चार गावठी कुत्री पडलेली असायची. दिवसभर कच्च्या वजडीचे, मानेच्या हाडांचे तुकडे खायची. वजडी म्हणजे बकऱ्याचं पोट. त्या कुत्र्यांची कातडी तेल लावल्यासारखी चमकायची, दात पांढरेशुभ्र. मी डॉक्टर निकमांना विचारलं, "साहेब, टायगरला कच्चं देऊन बघू का?"

ते बराच वेळ पेन फिरवत बसले. म्हणाले, "बघ. पण जंतांची गोळी वेळेवर दे. आणि बाईंना सांग की हा प्रयोग आहे, खात्री नाही."

मी ते बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, "कच्चं खाल्लं की कुत्रं माणसावर येतं म्हणतात, ते खरं?"

"टायगर 'आमेन'शिवाय जेवत नाही. तो माणसावर कसा येईल?" मी म्हटलं. बाई कितीतरी दिवसांनी हसल्या.

सकाळी कामावर जायच्या आधी मी मेहबूबभाईकडे जायचो. तो माझ्यासाठी मानेचा तुकडा आणि वजडी वेगळी काढून ठेवायचा. काळीज घेतलं तर मी ते उजेडात उलटंपालटं करून बघायचो. काळजात पाण्याच्या पुळ्या असल्या तर ते कुत्र्याला कधीच घालायचं नाही. त्यातून कुत्र्याला जंत होतात आणि कुत्र्यापासून माणसाला रोग. एवढी काळजी घेऊन पिशवी सायकलच्या हँडलला अडकवायची आणि कालव्याच्या रस्त्याला लागायचं.

आता इथे माझ्या घरचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझे वडील, आबा, तेव्हा माझ्याजवळ क्वार्टरमध्ये राहायचे. आमचं मूळ गाव खर्ड्याजवळ. आमच्या वाडवडिलांकडे गावातलं मेलेलं जनावर ओढून न्यायचं आणि फाडायचं काम होतं. धर्मांतर झालं तेव्हा आबा तरुण होते. आमच्या वस्तीनं एका दिवसात ते काम सोडलं. गावानं धान्य बंद केलं, पाणी बंद केलं, तरी पुन्हा कुणी हात लावला नाही. आबांनी खडी फोडून मला शिकवलं. त्या कामाबद्दल ते घरात कधी एक शब्द बोलले नाहीत. मी पशुवैद्यकाच्या कोर्सला निघालो तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं, "जित्या जनावराचं काम हाय ना?" मी हो म्हटलं. "मग कर," एवढंच म्हणाले.

आणि आता त्यांचा सरकारी नोकरीतला मुलगा रोज सकाळी वजडीची पिशवी घेऊन ओट्यासमोरून जाणार होता. पहिल्या दिवशी त्यांनी पिशवीकडे पाहिलं, उठले आणि आत गेले. दुसऱ्या दिवसापासून मी मागच्या बाजूनं जायला लागलो.

इकडे टायगर त्या मांसाला घाबरायचा. शब्दशः घाबरायचा. ताटली ठेवली, बाईंनी आभार मानले, 'आमेन' झालं, त्यानं वास घेतला आणि शेपूट पायात घालून कॉटखाली गेला. दुसऱ्या दिवशी तुकडा उचलून अबोलीच्या वाफ्यात पुरून आला. मी बाईंना सांगितलं होतं की धडधाकट कुत्रं एखादा दिवस उपाशी राहिलं तरी चालतं, पण हे धडधाकट नाही, म्हणून दुपारी उकडलेलं घाला आणि सकाळी कच्चं ठेवत राहा. रोज उकळायचं थोडं कमी करत चला. बाई मान डोलवायच्या. आठवड्यानं मी कॉटखाली वाकलो तर बिस्किटांचे चुरे.

"बाई, हे काय?"

त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "तो माझ्याकडे बघत होता."

चाळीस वर्षं पोरांना धाक लावलेली बाई कुत्र्याच्या नजरेपुढे हरत होती. मला राग आला नाही. पण काम पुढे सरकत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या हातून चूक झाली. मी 'मांस जरासं उकळा' असं सांगत होतो. हाड उकळू नका, हे मी सांगितलंच नव्हतं. मला ते इतकं साधं वाटत होतं की सांगायचं सुचलंच नाही. कच्चं हाड कुत्र्याच्या दाताखाली चुरतं. शिजवलेलं हाड ठिसूळ होतं आणि त्याच्या सुयांसारख्या काड्या निघतात. बाईंनी मऊ व्हावं म्हणून मानेचं हाड कुकरला लावलं. ते टायगरनं आनंदानं खाल्लं.

दोन दिवसांनी सकाळीच बाईंच्या शेजाऱ्याचा दवाखान्यात फोन आला. मी पोहोचलो तेव्हा टायगर अंगणात पाठ वाकवून कुंथत होता, ओरडत होता, रक्ताचे थेंब पडत होते. डॉक्टर निकम नगरला मीटिंगला गेलेले. मी बाईंना त्याचं डोकं धरायला सांगितलं. साबणाचं कोमट पाणी आणि पातळ पॅराफिन नळीनं आत सोडलं, हातमोजा घातला आणि हाडाचा घट्ट बसलेला चुरा बोटानं थोडा थोडा मोकळा करत बसलो. दोन तास लागले. त्या दोन तासांत बाई एकदाही रडल्या नाहीत. टायगर मोकळा होऊन सावलीला जाऊन पडला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता पुरे, गायकवाड. त्याला सुखानं जाऊ द्या."

"बाई, चूक माझी आहे. हाड शिजवायचं नसतं, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. मला आठ दिवस द्या. नाही जमलं तर तुम्ही म्हणाल ते."

त्या नाही म्हणाल्या नाहीत, हेच मी धरून चाललो.

घरी येऊन मी मागच्या दारी हात धूत होतो. मागे आबा येऊन उभे राहिले.

"कुत्रं वाचलं का?"

मी चमकलो. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं; दवाखान्यातल्या कुणाकडून तरी कानावर गेलं असावं. "वाचलं," मी म्हटलं.

"खात न्हाई म्हनं."

"कच्च्याला तोंडच लावत नाही."

आबा म्हणाले, "त्या बाई धुत्यात का मटन?"

"तीन पाण्यानं. मग फ्रीजमध्ये ठेवतात."

"मग कसं खाईल? वास गेला, ऊब गेली. ऱ्हायलं काय त्यात? रबर."

मी नळ बंद केला. आबा माझ्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होते.

"आमी फाडायला बसलो की गावची कुत्री लांब बसायची, गोल करून. गार पडलेल्या जनावराला घरचं कुत्रं आदी तोंड लावत नसतंय. आतलं ऊन ऊन काय टाकलं की मग येयाची. त्यात नवं पिल्लू असलं की ते भ्यायचं. माझा बा त्याच्याफुडं तुकडा टाकायचाच न्हाई. हाताला चोळायचा अन् हात चाटू द्यायचा. मग बारका तुकडा भुईवर ठिवायचा अन् पाठ करून बसायचा. तोंडाकडं बघत बसलं की कुत्रं खात न्हाई. त्याला वाटतंय, काय तरी डाव हाय."

"आबा..."

"येवढं सांगितलं. आता मला इचारू नको," ते म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी मेहबूबभाईच्या दुकानात नुकत्याच कापलेल्या बकऱ्याची वजडी नुसती झटकून घेतली, फडक्यात गुंडाळली आणि सायकल जोरात हाणली. बाईंच्या घरी ती कोमटच होती. बाईंनी नाक मुरडलं. मी तळहाताला वजडी चोळली आणि उकिडवा बसलो. टायगर कॉटखालून बघत होता. बाईंना म्हटलं, "तुम्ही आभार माना आणि मग कॅलेंडरकडे तोंड करून उभ्या राहा."

त्यांनी आभार मानले. 'आमेन' म्हणून वळल्या. मी हात मागे सोडला आणि दाराबाहेर बघत राहिलो. पाय अवघडून गेले. मग तळहाताला गार नाक लागलं. मग जीभ. एकदा, दोनदा, मग सगळा हात, मनगटापर्यंत. त्या दिवशी मी तुकडा दिलाच नाही. फक्त हात चाटू दिला.

दुसऱ्या दिवशी अंगठ्याएवढा तुकडा फरशीवर ठेवला. त्यानं उचलला, थुंकला, पुन्हा हुंगला आणि खाल्ला. बाईंनी कॅलेंडरकडे तोंड ठेवूनच विचारलं, "खाल्लं?" मी म्हटलं, "बघू नका. खातोय." तिसऱ्या दिवशी दोन तुकडे. आठवड्यानं त्यानं कच्च्या मानेचं हाड दोन्ही पंजांत धरलं आणि अर्धा तास चघळत बसला. तो आवाज ऐकत बाई दारात उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरले होते.

जुलाब तीन आठवड्यांत थांबले. दोन महिन्यांत पाठीवर लव आली, मग केस. डॉक्टर निकम मुद्दाम बघायला आले, त्यांनी टायगरचे दात उघडून पाहिले आणि मला म्हणाले, "हे तू केलंस, माझं नाव सांगू नकोस." मला त्याचा अभिमान वाटला, अजून वाटतो. टायगर पुढे चांगली सहा वर्षं जगला आणि म्हातारपणानं गेला. आज कुणी असा सल्ला विचारला तर मी आधी डॉक्टरांकडे पाठवतो. प्रत्येक कुत्र्याला ते मानवत नाही, आणि ताजं, तपासलेलं मांस रोज मिळणं सोपं नाही. टायगरला मानवलं, एवढंच मी छातीवर हात ठेवून सांगीन.

पण या प्रकरणात मी एक खोटं बोललो होतो.

टायगर खायला लागला त्या आठवड्यात बाईंनी विचारलं, "हे हात चाटवायचं तुम्हाला कुणी शिकवलं?" आबांचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. त्यामागून पुढचा प्रश्न येणार, की त्यांना हे कसं माहीत. इस्त्रीचा शर्ट घालून, सरकारी पेन खिशाला लावून मी त्यांच्यासमोर उभा होतो. मी म्हटलं, "पुस्तकात वाचलं."

मुख्याध्यापिकेला असं सांगायचं नसतं, हे मला नंतर कळलं. "कुठल्या पुस्तकात?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, नाव आठवत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. मग म्हणाल्या, वाचनालयात मागवता येईल, लेखक तरी आठवतो का? मी प्रत्येक वेळी काहीतरी पुटपुटून सायकलवर टांग मारायचो.

एका रविवारी दुपारी मी घरात आडवा झालो होतो. बाहेर ओट्यावर आबा बसलेले. बाईंचा आवाज आला. उपासना आटोपून, टायगरला साखळीनं धरून, चालत आल्या होत्या. हातात डबा असावा, कारण त्या म्हणाल्या, "घरी केलेला केक आहे. तुम्ही गायकवाडांचे वडील ना? तुमचा मुलगा फार हुशार आहे. यानं तोंड लावलं नसतं, पण गायकवाडांनी पुस्तकात वाचून बरोबर उपाय काढला. मांस कोमट हवं, हात चाटू द्यायचा. मी ते पुस्तकच मागायला आलेय."

मी उठून बसलो. आबांचा आवाज आला, अगदी सहज.

"व्हय. लई पुस्तकं वाचतो त्यो. ल्हानपनापासून."

आबांना वाईट वाटलेलं नव्हतं. त्यांनी माझं खोटं स्वतःच्या खांद्यावर घेतलं होतं, खडी फोडून माझी फी भरली तेवढ्याच मुकाट्यानं. मी बाहेर आलो.

"बाई, पुस्तक नव्हतं," मी म्हटलं. "ते मला आबांनी सांगितलं. आमच्याकडे गावात मेलेली जनावरं फाडायचं काम होतं. धर्मांतरानंतर सोडलं. आबांना ते तिथलं माहीत होतं. मला सांगायची लाज वाटली."

आबा खाली बघत होते. टायगर त्यांच्या पायाशी बसला होता. बाईंनी डबा ओट्यावर ठेवला आणि स्वतः आबांच्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "पुस्तकाचं नाव टाळत होतात, मला तेव्हाच कळायला हवं होतं."

मग त्या आबांकडे वळल्या. "माझे आजोबा शेवगावकडचे. मिशनच्या शाळेत गेले, ख्रिस्ती झाले. त्याच्या आधी आमच्याकडेही तेच काम होतं. आमच्या घरात ते कुणी कधी बोललं नाही. आजी एकदा बोलून गेली, तर आईनं तिला गप्प केलं. आजोबा काय करायचे, कसं करायचे, मला काहीच माहीत नाही. ओढायचं म्हणजे किती माणसं लागायची हो?"

आबांनी वर पाहिलं. मला वाटलं, उठून आत जातील.

"बैल असला तर चार," ते म्हणाले. "म्हैस असली तर सा. अन् गावाच्या बाहीर न्यायचं म्हंजी वाट धरून न्हाई, वढ्यानं. वाटंनं नेऊ देत न्हवते."

"ओढ्यात पाणी असलं तर?"

"असलं तर काय, पान्यातून. एकदा आमी अन् म्हैस, समदीच वाहून गेलो." आणि आबा हसले. त्या गोष्टीवर हसताना मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. बाईही हसल्या.

मी आत जाऊन चहा टाकला. चहा होईतो बाहेरून आबांचा आवाज येत होता. कातडं सोलताना सुरी कशी धरायची, पावसाळ्यात ते का लवकर सडतं, काम सोडलं त्या दिवशी पाटलाचा बैल तीन दिवस तसाच कसा पडला होता. मी बाहेर आलो तर ते थांबले. मला वाटलं, माझ्यामुळे थांबले, म्हणून कप खाली ठेवून मागे फिरायला लागलो.

"सुखदेव," आबा म्हणाले, "जातो कुटं? बस हितं. तूबी आयक."

मी ओट्याच्या पायरीवर बसलो.